एनसीव्ही करून घेताय? आधी हात गरम आहे का ते बघा

रात्री मुंग्यांनी जाग येणं, हात झटकला की बरं वाटणं, सकाळी बटण लावताना बोटांना ते नीट न कळणं, हे सगळं होऊन न्यूरोलॉजिस्टपर्यंत पोचणं तसं सोपं गेलं. मला लिहायचंय ते एनसीव्हीबद्दल, म्हणजे चेतातंतूंतून संदेश किती वेगानं जातो ते मोजणाऱ्या तपासणीबद्दल. आणि त्या पहिल्या रिपोर्टबद्दल, ज्याचा राग अजून गेलेला नाही.

डॉक्टरांनी बोटाबोटावर कापूस फिरवून बघितला. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर. अनामिका मात्र अर्धीच, मधल्या बोटाकडची बाजू बधिर आणि करंगळीकडची शाबूत. ते म्हणाले, मानेत मेरुरज्जूतून निघणारं मूळ दबलं असतं तर अनामिकेची अशी मधोमध वाटणी सहसा होत नाही. ही वाटणी हातातल्या मिडियन आणि अल्नर या दोन चेतातंतूंची आहे. मिडियन मनगटात बोटं वाकवणाऱ्या ९ कंडरांबरोबर एका अरुंद बोगद्यातून जातो आणि तिथेच दबतो. खात्रीसाठी एनसीव्ही करायला सांगितलं.

तपासणीला घाबरू नका. मनगटावर आणि कोपराजवळ विजेचे बारीक झटके देतात, अंगठ्याच्या बुडाशी चिकटवलेल्या पट्टीवर स्नायूचा प्रतिसाद टिपतात. दोन जागांमधलं अंतर भागिले वेळेतला फरक, की वेग मिळाला. निरोगी हातात तो सेकंदाला साधारण ५० मीटर किंवा त्याहून जास्त असतो. पेसमेकर असेल तर आधी सांगा. त्या दिवशी हाताला तेल किंवा क्रीम लावू नका, अंगठ्या काढून ठेवा.

माझी अडचण पुढे सुरू झाली. बाहेर एसीत बराच वेळ बसवलं होतं, माझे हात गार पडले होते. मी आत गेल्यावर तसं सांगितलंही. "काही फरक पडत नाही," असं उत्तर आलं आणि पट्ट्या चिकटवल्या. रिपोर्ट आला: मिडियन मंद, अल्नरही मंद, दोन्ही हातांत. शेवटी ओळ होती, सर्वसाधारण पॉलीन्यूरोपॅथीची, म्हणजे एकाच वेळी अनेक चेतातंतू बिघडण्याची शक्यता. म्हणजे मनगटाचा प्रश्न संपला आणि अंगभर पसरलेल्या आजाराची भीती सुरू झाली. साखर, थायरॉइड, बी १२, सगळं रक्त तपासून झालं. सगळं ठीक.

मी वाचत सुटले. अशा आजाराची सुरुवात बहुतेकदा पायांच्या बोटांपासून होते, कारण शरीरातले सर्वांत लांब तंतू तिथे पोचतात. माझ्या पायांना काहीही नव्हतं. माझी करंगळी शाबूत होती, मग तिचा अल्नर मंद कसा? हे विचारायला मी पुन्हा त्याच खिडकीवर गेले. "रिपोर्टवर सही झालेली आहे, मॅडम." तपासणाऱ्यांना भेटू द्या म्हटलं, तर नवी अपॉइंटमेंट घ्या. अपॉइंटमेंट मागितली, तर डॉक्टरांची नवी चिठ्ठी आणा. चिठ्ठी आणली, तर एकाच तपासणीची पुन्हा नोंद संगणक घेत नाही. हाताचं तापमान किती होतं, एवढाच माझा प्रश्न होता, आणि रिपोर्टवर तो आकडाच नव्हता.

त्या एका आकड्यावर किती अवलंबून असतं बघा. गारव्यात तंतूच्या पडद्यातल्या सोडियमच्या वाहिन्या सावकाश उघडतात आणि सावकाश मिटतात. त्वचेचं तापमान एका अंशानं उतरलं की वेग सेकंदाला सुमारे २ मीटरनं घटतो. हात पाचसहा अंशांनी गार असेल तर निरोगी तंतूही आजारी दिसू शकतो. म्हणून त्वचा साधारण ३२ अंश सेल्सिअसवर आणूनच मोजायचं असतं.

शेवटी दुसरीकडे तपासणी करून घेतली. तिथल्या बाईंनी काही बोलायच्या आधी माझा हात हातात घेतला, कोमट पाण्यात ठेवायला लावला आणि त्वचेवर तापमापक लावला. मला रडूच आलं. अल्नर दोन्हीकडे उत्तम. मिडियन फक्त मनगटापाशी मंद, वर कोपरापर्यंत व्यवस्थित. जुना रिपोर्ट बघून त्या म्हणाल्या, वेग कमी आणि लहरींची (म्हणजे टिपलेल्या प्रतिसादाच्या आलेखाची) उंची मात्र भरपूर, हे गार हाताचं लक्षण आहे. तंतूंचे गाभेच झडत असते तर उंचीही घटली असती. म्हणजे उत्तर पहिल्या कागदावरच होतं, कुणी बघितलं नाही इतकंच.

तुमच्या रिपोर्टवर तापमान लिहिलेलं नसेल तर मागा. ते देत नसतील आणि लक्षणं रिपोर्टशी जुळत नसतील, तर रिपोर्टवर नाही, लक्षणांवर विश्वास ठेवून डॉक्टरांकडे परत जा. मी गेले, आणि मला त्याचा अभिमान आहे. एक राहिलं: सुई टोचून स्नायूंची ईएमजीही सांगितली असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ते आधी कळवा. आणि मधुमेह असेल तर तेही, कारण त्यात मनगटात दबलेला तंतू आणि पॉलीन्यूरोपॅथी, दोन्ही एकत्र असू शकतात.

उपचार म्हणजे रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा. माझ्या तंतूवरचं मायलिनचं आवरणच तेवढं दुखावलं होतं, आतला अक्षतंतू, म्हणजे तंतूचा गाभा, शाबूत होता, त्यामुळे सुधारणा लवकर दिसेल असं सांगितलं होतं. अक्षतंतू तुटला की तो दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतो, म्हणून अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा सपाट व्हायला लागला असेल तर दाखवायला उशीर करू नका. माझ्या मुंग्या आता रात्री उठवत नाहीत. तर्जनीचं टोक अजून थोडं जड आहे.