एक एकर एकवीस गुंठे

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी आमच्या गावातल्या घरात शिरले, तेव्हा खालच्या खोलीतली लोखंडी ट्रंक माडीवर न्यायची राहून गेली. पाणी ओसरल्यावर ती उघडली, तर जमिनीचे सगळे कागद एकमेकांना चिकटून त्यांचा एकच गठ्ठा झाला होता आणि आजोबांच्या खरेदीपत्राची शाई खालच्या सातबाऱ्यावर उलटी उमटली होती. वडील त्या वेळी शांतपणे म्हणाले, "कागद भिजलं म्हणून जमीन वाहून जात नाही. सरकारात सगळं हाय." ते खरेच होते, पण सरकारात म्हणजे नेमके कुठे, हे शोधण्याची वेळ ते गेल्यानंतर माझ्यावर आली.

वारस नोंदीसाठी म्हणून मी पंधरा रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढला. (भूलेख संकेतस्थळावर विनास्वाक्षरीचा उतारा फुकट पाहता येतो, पण तो केवळ माहितीपुरता असतो; कामाला हा पंधरा रुपयांचाच लागतो.) त्यावर क्षेत्र होते ०.२६.००, म्हणजे सव्वीस आर (एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर). वडिलांच्या तोंडून मात्र आयुष्यभर एकच आकडा ऐकला होता : एक एकर एकवीस गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एकर धरला तर ते एकसष्ट गुंठे होतात, आणि एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर हे लक्षात घेतले, तर त्यांचे जवळपास बासष्ट आर भरतात. सहा आणि दोन या आकड्यांनी आपसांत जागा बदलल्या होत्या आणि उताऱ्यावरून पस्तीस गुंठे नाहीसे झाले होते. उताऱ्यावरच्या आकारणीचा, म्हणजे शेतसाऱ्याचा, आकडा मात्र जसाच्या तसा होता. शेजारच्या साठ आरांच्या गटाचा आकारही जवळपास तेवढाच असल्याचे पाहिल्यावर माझी खात्री पटली, की चूक जमिनीत नसून टंकलेखनात आहे. क्षेत्र वाचताना त्याखालच्या आकाराकडे सहसा कोणी पाहत नाही, पण या प्रकरणात पहिली साक्ष त्यानेच दिली.

नुसती खात्री असून भागत नाही, कारण महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. उलट सिद्ध करायचे म्हणजे जुनी नोंद हुडकायची, आणि तिचा माग सातबाऱ्यातच असतो. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातमध्ये हक्क, बारामध्ये पिके. सातवर प्रत्येक नावाशेजारी फेरफाराचा, म्हणजे हक्कातल्या बदलाच्या नोंदीचा, क्रमांक असतो आणि कमी झालेल्या नावाला कंस असतो. तो क्रमांक घेऊन गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, उघडली की ते नाव तिथे कसे आले ते कळते. त्या फेरफारातून त्याच्या आधीचा, असे करत मागे जायचे. आम्ही सगळेच सातबाऱ्यावर आपले नाव आहे का तेवढे बघतो आणि घडी घालून ठेवतो. नावाशेजारचा तो बारीक आकडा मीसुद्धा चाळिशी उलटेपर्यंत कधी पाहिला नव्हता.

आजोबा गेल्यानंतरच्या, १९७१ च्या, जुन्या नोंदींच्या नकलांसाठी कोर्ट फी स्टॅम्प लावून मी अर्ज केला आणि तीन हेलपाटे घातले. तिन्ही वेळा उत्तर एकच मिळाले : या गटाचे १९७१ चे काही सापडत नाही. मनातून मी त्या कार्यालयाला बरीच नावे ठेवली. शेवटी एका वयस्कर अव्वल कारकुनाने माझा अर्ज हातात घेऊन चष्मा कपाळावर चढवला आणि म्हटले, "ताई, गट नंबर घेऊन तुम्ही गटाच्या आधीच्या काळात शिरताय. त्या वेळी गट कुठं होता? सर्व्हे नंबर आणा." चूक माझी होती, हे मान्य केले पाहिजे, मात्र ही गोष्ट पहिल्याच खेपेला कोणी सांगितली असती, तर माझ्या दोन रजा वाचल्या असत्या. गट पडले ते जमिनींच्या एकत्रीकरणात; त्याआधी सर्व्हे नंबर चालत. तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा १९४७ चा असला, तरी प्रत्यक्ष योजना गावोगाव वेगवेगळ्या काळी राबवली गेली आणि आमच्या गावात ती १९७१ नंतर आली. भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा उतारा काढला, त्यावरून आमच्या गटाचा जुना सर्व्हे नंबर आणि हिस्सा मिळाला, आणि तो घेऊन गेल्यावर रेकॉर्ड रूममधून अर्ध्या तासात लाल कापडाचा रुमाल, म्हणजे जुन्या दप्तराचे गाठोडे, बाहेर आला.

त्या रुमालातल्या नोंदवहीची पाने कडांना तपकिरी होऊन भुगा झाली होती, पण मधली अक्षरे ठसठशीत होती. निळ्या शाईत एक एकर एकवीस गुंठे लिहिले होते. त्याखाली आजोबांच्या मृत्यूची तारीख आणि वारसांची नावे होती : आजी, वडील आणि आत्या. शेजारच्या रकान्यात तेव्हाच्या सर्कलसाहेबांची (मंडळ अधिकाऱ्यांची) सही आणि 'नोंद मंजूर' हा शेरा. नंतरच्या हस्तलिखित सातबाऱ्यावर क्षेत्र ०.६२ असेच होते, म्हणजे आकडे उलटले ते संगणकावर घेतानाच. माझे काम खरे म्हणजे इथेच झाले होते. पण मी त्या तीन नावांकडे पाहत राहिले, कारण सातबाऱ्यावर त्यांतले एकच आले होते आणि त्यापुढे तीन अक्षरे होती : ए.कु.मॅ.

एकत्र कुटुंब मॅनेजर. वडिलांच्या नावापुढचा हा शेरा आम्ही सगळेच एखाद्या पदवीसारखा वाचत आलो होतो. त्याचा अर्थ जमीन त्यांच्या एकट्याची असा नसून, ते घरातल्या सगळ्यांच्या वतीने नोंदले गेले आहेत असा आहे. जमीन आजोबांनी स्वतः घेतलेली होती. म्हणजे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे त्यांच्या पश्चात आजी, वडील आणि आत्या यांचे हिस्से सारखे, आणि आजीनंतर तिचाही हिस्सा दोन्ही भावंडांचा.

मी ते आजोबांचे खरेदीपत्रही वाचून घेतले. ते १९४३ चे, म्हणजे कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन होण्याच्या (१ मार्च १९४९) आधीचे आहे आणि मोडीत आहे. पाण्याने अर्धे पुसले होते, तरी मोडीचा अभ्यासवर्ग केलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी बोट फिरवत फिरवत 'खुषखरेदी' हा शब्द, आजोबांचे नाव आणि चतुःसीमा लावून दिली : पूर्वेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट. सर्व्हे नंबर बदलले, गट पडले, पण ओढा अजून पूर्वेसच आहे. त्यांनीच जाता जाता आठवण करून दिली, की करवीर इलाख्यातली, म्हणजे कोल्हापूर संस्थानातली, कुलकर्णी वतने शाहू महाराजांनी १९१८ मध्ये रद्द करून पगारी तलाठी नेमले. त्याआधी गावचे दप्तर वतनदाराच्या घरात असे. आम्हाला निदान सरकारी रुमाल तरी मिळाला.

धाकट्या भावाला आत्याचा विषय आधी पटला नाही. "आत्यानं लिहून दिलंय की," असे म्हणत त्याने वडिलांच्या कपाटातून शंभर रुपयांचा स्टॅम्प काढला. आत्याने १९८८ मध्ये त्यावर सही केली होती : माहेरच्या जमिनीत माझा काही हक्क नाही. खाली दोन साक्षीदार होते, पण दुय्यम निबंधकांचा शिक्का कुठेच नव्हता. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावरातला हक्क सोडण्याचा दस्त नोंदवावाच लागतो. नोंदणी नसेल, तर त्या कागदाने हक्क सुटत नाही. असे स्टॅम्प आमच्या भागात घरोघर जपून ठेवलेले आहेत आणि बहिणींकडून ते कोणत्या सणाला, कोणत्या साडीसोबत लिहून घेतले गेले, हे सर्वांना ठाऊक आहे. मी स्वतः सासरी गेलेली मुलगी आहे. वडिलांच्या जमिनीवर माझे नाव लावायचे आणि त्यांच्या बहिणीचे वगळायचे, हे मला जमले नसते. भावाने दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी आत्याचे आधार कार्ड तोच घेऊन आला.

पुढची नोंद करण्याचे काम त्यामानाने सरळ झाले. वारस नोंदीचा अर्ज ई-हक्क प्रणालीतून गेला. ती आधी सहा-क या वारस नोंदवहीत आणि मग फेरफारात आली. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण चावडीत सगळे 'तलाठीसाहेब' असेच हाक मारतात. त्यांनी नोटिसा काढल्या, हरकतीचे पंधरा दिवस गेले आणि मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद मंजूर केली. ए.कु.मॅ. शेरा कमी होऊन आत्याचे नाव लागले. क्षेत्राच्या दुरुस्तीसाठी कलम १५५ खाली तहसीलदारांकडे वेगळा अर्ज करावा लागला. सोबत फेरफाराची आणि हस्तलिखित सातबाऱ्याची नक्कल होती, म्हणून कोणी फार प्रश्न विचारले नाहीत. 'इतर हक्क' या रकान्यात सेवा सोसायटीच्या कर्जाचा एक बोजाही निघाला. वडिलांनी तो कधीच फेडला होता. सोसायटीचा बेबाकी (काही येणे नसल्याचा) दाखला जोडून तोही कमी करून घेतला.

आत्याला नवा उतारा दाखवला, तेव्हा तिने तो डोळ्यांजवळ धरून आधी स्वतःचे नाव, मग त्याच्या दोन्ही बाजू नीट पाहिल्या. "कंस न्हाई न्हवं?" एवढेच तिने विचारले. मग ती स्वतःच्या घराच्या कागदांकडे वळली. तिचे घर शहरात, ई वॉर्डात आहे, त्यामुळे तिथे सातबारा नसून नगर भूमापनाचे मालमत्ता पत्रक असते. तिने ते कधी काढलेच नव्हते. तिच्या पिशवीत तीस वर्षांच्या घरफाळ्याच्या पावत्या होत्या आणि त्याच मालकीचा पुरावा आहेत, अशी तिची समजूत होती. घरफाळ्याची पावती कर भरल्याचे सांगते, मालकीचे नाही. पुढच्या सोमवारी आम्ही दोघी तिच्या सिटी सर्व्हे नंबरासह नक्कल मागायला जाणार आहोत.

जमिनीच्या सगळ्या नकलांचे दोन संच केले आहेत. एक गावात, या खेपेला माडीवर. दुसरा आत्याकडे, कारण तिच्या घरापर्यंत पुराचे पाणी येत नाही.