बारा तारखेनंतर जन्मलेले ज्येष्ठ

जून 2019 अखेरीस फोंड्यातील एका पतसंस्थेत तयार झालेल्या यादीत वरवर पाहता काहीच वावगे नव्हते. साठी पूर्ण केलेल्या ठेवीदारांना अर्धा टक्का जादा व्याज द्यायचे होते, म्हणून नोंदवहीतील जन्मतारखा एक्सेलमध्ये भरून 30 जून 1959 पर्यंत जन्मलेल्यांची नावे संगणकाकडून काढून घेतली होती. नव्वदी ओलांडलेल्या बांदोड्याच्या एका आजींचे नाव त्यात सापडेना, तेव्हा संगणकाचे काम पाहणारा म्हणून मला बोलावणे आले.

गळालेली नावे वहीशी ताडताना दिसले की, बहुतेकांचा जन्म महिन्याच्या बारा तारखेनंतरचा होता. त्या संगणकात तारखेची मांडणी अमेरिकन पद्धतीची, म्हणजे आधी महिना व मग दिवस, अशी होती. 25/03/1951 मध्ये त्याला पंचविसावा महिना सापडला नाही, म्हणून त्याने ती नोंद नुसता मजकूर म्हणून ठेवली. एक्सेल तारीख आकडा म्हणून साठवते आणि तुलना करताना मजकुराला कोणत्याही आकड्याहून मोठा धरते, त्यामुळे ते गृहस्थ ठरलेल्या तारखेच्या पलीकडे गेले. उलट 05/11/1959 ही पाच नोव्हेंबर त्याने अकरा मे अशी वाचली आणि साठी न गाठलेल्या सभासदाला आत घेतले. मला हा दुसरा प्रकार अधिक गंभीर वाटतो, कारण त्याची तक्रार घेऊन कोणी येत नाही. आजींची नोंद 12/05/28 अशी होती. त्या संगणकावर 28 हे चालू शतकातले साल मानले जात असल्याने त्यांचा जन्म 2028 मध्ये गेला.

पूर्वी ही यादी आमचे जुने हेडक्लार्क हाताने करत. दिवस आधी वाचायचा हे तुम्हाला कोणी सांगितले होते का, असे मी त्यांना विचारले.

“सांगायला कशाला हवे? ज्या बाईच्या नातवाचेही आपल्याकडे खाते आहे, ती 2028 साली कशी जन्मेल?”

एखादी नोंद लागली नाही, तर ते वहीतून मान वर काढून विचारत. संगणकाने रिकामी जागा स्वतःच्या नियमाने भरली आणि कुठेही न अडखळता यादी छापून दिली.

म्हणून नव्या सूचनेत आम्ही तारखेचा क्रम आणि चार अंकी साल तर ठरवलेच, शिवाय जी नोंद तारीख म्हणून वाचता येणार नाही किंवा जिचे साल चालू वर्षापुढचे निघेल, ती वगळण्याऐवजी वेगळ्या रकान्यात काढायला सांगितले. त्या रकान्यातील प्रत्येक नाव आता हेडक्लार्क वही उघडून तपासतात.