हिंगणघाटच्या वाटेवर मॉडेल ५००

नागपूरहून हैदराबादकडे निघालेला महामार्ग बुटीबोरी मागे टाकतो, तशी दोन्ही बाजूंना कपाशीची काळी जमीन सुरू होते. वेचणीचे दिवस असल्याने जामच्या पुढे कापसाने भरलेल्या ट्रॉल्या सतत भेटत होत्या आणि त्यांतून उडालेले पुंजके बाभळीच्या काट्यांना अडकून राहिले होते. या प्रवासासाठी मी ‘डिजिटल सोल्यूशन्स’ हा एकच अल्बम राखून ठेवला होता.

अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराचे संगीतकार हुआन अ‍ॅटकिन्स यांनी ‘मॉडेल ५००’ या नावाने तो २०१५ साली काढला. त्याआधीचा ‘माइंड अँड बॉडी’ १९९९चा होता, म्हणजे मधली सोळा वर्षे या नावाचा नवा अल्बमच नव्हता. १९८५ साली ‘मेट्रोप्लेक्स’ ही स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढून ‘नो यूएफओज’ या रेकॉर्डने टेक्नोचा, म्हणजे यंत्रांवर घडवलेल्या नृत्यसंगीताचा, पाया घालणाऱ्या माणसाची वाट पाहणे माझ्यासारख्या श्रोत्यांना कधीच जड गेले नाही. डेट्रॉइट म्हटले की मोटारींचे कारखाने आठवतात. अ‍ॅटकिन्स मात्र शाळेत असताना तिथून सुमारे ४५ किलोमीटरवरच्या बेलव्हिल या छोट्या गावात राहत होते, आणि आजीने घेऊन दिलेल्या कॉर्ग सिंथेसायझरवर त्यांनी आपले संगीत घडवायला घेतले. खेड्यातल्या एकांतात यंत्राशी जमलेली ही मैत्री मला फार मोलाची वाटते.

हिंगणघाटला एका ओळखीच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, उतरलो. चामड्याचे दोन रूळ फिरताना रुई ओढून घेतात, मधली पाती सरकीला ठोसे देत राहते आणि सरकी खाली गळते. १०० किलो कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते आणि १७० किलोंची एक गाठ बांधली जाते. अशी यंत्रे ओळीने चालू असताना त्यांचे ठोके एकमेकांत मिसळतात आणि पायाखालची फरशीही थरथरते. मी बाजूला उभा राहून अल्बम ऐकत होतो, तेव्हा तिथले एक वयस्क फिटर जवळ आले.

“काय आयकून रायले, भाऊ?”

मी हेडफोन त्यांच्या हाती दिला. बराच वेळ मान हलवत ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले, “मशीनच हाये हे. पण ठोका मुद्दाम अडवून रायला कोणीतरी. आमच्याकडं असा अडला तर पट्टा सैल झाला समजतो आमी.”

इतके नेमके परीक्षण मी कुठे वाचलेले नाही. अ‍ॅटकिन्स यांचा ठेका सरळ चार ठोक्यांवर क्वचितच धावतो. एखादा ठोका ते मागे ओढतात, पुढचा लवकर टाकतात आणि त्या फटीत यंत्रातून गाळलेला माणसाचा आवाज बसवतात. १९८३च्या ‘क्लिअर’ या गाण्यापासून, म्हणजे रिचर्ड डेव्हिस यांच्यासोबतच्या ‘सायबोट्रॉन’ या बँडच्या दिवसांपासून, त्यांचा हा हात ओळखू येतो. सोळा वर्षांनी नवा अल्बम घेऊन परतताना काळाला गाठण्याची घाई त्यांनी केलेली नाही, आणि म्हणूनच हे पुनरागमन मला खरे वाटते.

परतीच्या एसटीत वर्ध्यापर्यंत मी त्यांचाच १९९५चा ‘डीप स्पेस’ हा अल्बम लावला. त्याचा विस्तार अधिक मोठा आहे, तो अधिक मोकळा श्वास घेतो, आणि दोहोंत माझे झुकते माप त्यालाच आहे. परंतु जिनिंगच्या फरशीवर उभे राहून ऐकायचे असेल, तर ‘डिजिटल सोल्यूशन्स’च हवा.