रेस सोडली तरी पातं फिरतंय? मशीन घरी आणू नका – ब्रश कटर दुरुस्तीचा माझा अनुभव

दुकानातून ब्रश कटर, म्हणजे गवत कापायचं मशीन, दुरुस्त होऊन आला की घरी न्यायच्या आधी एकच बघा, रेस सोडल्यावर पातं थांबतंय का. थांबत नसंल तर मशीन ताब्यात घेऊ नका, समोरचा काहीही म्हणू द्या. अजून डोकं तापलेलं आहे म्हणूनच लिहायला बसलोय, कारण एवढ्या एका गोष्टीपायी ऐन श्रावणात मला दुकानाच्या चकरा माराव्या लागल्या आन इकडं गवत कमरेला लागलं.

आमचं रान औसा तालुक्यात, काळी जमीन. बांधावर गाजरगवत, कुंदा आन मधी मधी बाभळीचे फोक. मशीन टू स्ट्रोक, खांद्याला पट्टा लावून चालवायचं. घेतल्यापासून चांगलंच चाललं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. उन्हाळाभर ते पावण्यांकडं होतं आन टाकीत पेट्रोल तसंच राहिलं. परत आल्यावर चालू व्हायचं, रेस दिली की पळायचं, रेस सोडली की बंद.

दुकानातल्या पोरानं काय केलं, तर स्क्रू ड्रायव्हर घेतला, आयडलचा (रेस न देता इंजिन संथ चालतं त्या वेगाचा) स्क्रू आवळला आन झालं म्हणून पैसे सांगितले. मशीन बंद पडायचं थांबलं हे खरं. पण मी तिथंच पट्टा खांद्याला घातला, रेसच्या खटक्यावरचं बोट काढून खाली बघतो तर तीन दातांचं पातं गरगर फिरतंय.

मी म्हणलं हे फिरतंय कसं काय. तर म्हणतो, "मालक, एवढं तर फिरतंच. जरा वापरा, बसंल आपोआप."

आपोआप काही बसत नसतं. ह्या मशीनमधी क्लच असतो, इंजिन हळू चालू असलं की क्लचचे शू स्प्रिंगनं आत ओढलेले राहतात, वेग वाढला की बाहेर फेकले जाऊन ड्रमला धरतात आन मग पातं फिरतं. आयडलला साधारण अडीच-तीन हजार आरपीएम (मिनिटाला फेरे) असतात, तेवढ्यावर क्लच धरत नाही. आयडलच जर वाढवून ठेवलं तर क्लच सदा धरलेलाच राहणार ना. (कधी कधी क्लचची स्प्रिंगच तुटलेली असते, तेव्हाही असंच होतं, म्हणून तेही उघडून बघायला लावा.) आमचे आप्पा मशीन चालवतात, साठीच्या पुढं वय, बांधावर कुणी भेटलं की मशीन चालूच ठेवून बोलत उभे राहतात, शेळ्यामागची लेकरं बघायला जवळ येतात. तिथं फिरतं पातं म्हणजे कुणाचा तरी पाय गेलाच.

मी मशीन तिथंच ठेवलं. मग सुरू झालं, मोठे मिस्त्री लातूरला गेलेत, कार्बोरेटरच्या सुट्या भागांचं किट आलं नाही, सोमवारी या. सोमवारी गेलो तर मशीन जिथं ठेवलं होतं तिथंच, वर दुसऱ्याचा फवारणी पंप ठेवलेला. वरून मलाच सांगायला लागले की तुमचं ऑइलचं माप चुकलं म्हणून असं झालं. आमच्या मशीनच्या पुस्तकात ५०:१ दिलंय, म्हणजे १ लिटर पेट्रोलला २० मिली टू टी ऑइल, आन आम्ही मापाच्या बाटलीनंच टाकतो, ती बाटली मी पिशवीतच घेऊन गेलो होतो. काढून काउंटरवर ठेवली आन म्हणलं कार्बोरेटर माझ्यासमोर उघडा.

उघडला तेव्हा खरं काय ते दिसलं. आतल्या बारीक जाळीवर तपकिरी चिकट थर, आन डायफ्रॅम, म्हणजे आतला पातळ पडदा, जो बोटानं दाबला की मऊ लागायला पाहिजे, तो पापडासारखा कडक झालेला. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतंय, ते ओलावा धरतं, टाकीत पडून राहिलं की असंच करतं. किट बदललं, जाळी धुतली, आयडलचा स्क्रू परत ढिला केला. रेस सोडली, इंजिन संथ चालू आन पातं गप्प उभं. लई बरं वाटलं बघा. किटचे पैसे एका रोजापेक्षा कमी, आन त्याच्यासाठी एवढं ताटकळत ठेवलं!

म्हणून हंगाम संपला की टाकी रिकामी करायची आन मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, कार्बोरेटरातलंही संपतं. मिश्रण लागंल तेवढंच करायचं. फोर स्ट्रोक असंल तर पेट्रोलमधी ऑइल टाकायचं नाही, त्याचं ऑइल इंजिनात वेगळं असतं. एअर फिल्टर स्पंजचा असंल तर साबणाच्या पाण्यात धुवून पूर्ण वाळवूनच बसवा. गिअर हेडला, म्हणजे पात्याजवळच्या गिअरच्या डब्याला, साधारण २५ तासाला ग्रीस.

आणखी एक, आमच्याकडं पात्याऐवजी लावायची नायलॉनची दोरी संपली की बरेच जण बायंडिंगची तार लावतात. अजिबात लावू नका, तुकडा तुटला की गोळीसारखा जातो. माणसं, जनावरं १५ मीटर लांब पाहिजेत, कारण बांधावरचा दगडही तसाच उडतो. पातं वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणून उजवीकडून डावीकडं कापत जायचं, पात्याच्या पुढच्या उजव्या बाजूनं खुंट किंवा दगड लागला की मशीन झटका देऊन बाजूला फेकतं. गॉगल आन गमबूट आप्पांना सक्तीनं घालायला लावलेत, उकडतं म्हणून कुरकुरतात, तरी घालतात. पेट्रोल भरताना मशीन बंद आन गार.

पात्याचा नट उलट्या आट्याचा असतो हे राहिलंच, उजवीकडं फिरवला की सुटतो. आन दुकानातून निघताना बिलावर "आयडल सेट केले, पाते थांबते" असं लिहून सही घ्या, मी घेतली.