तुम्ही विचारलंत म्हणून: मशीनला मनातलं कळतं का?

मिरजेत ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, काढायचं काम करते म्हटलं की लग्नात, एसटीत, कुठंही पुढचा प्रश्न ठरलेला: "मग त्यात मनातलं कळतं का हो?" सासूबाईंनी तर पहिल्याच महिन्यात विचारलं होतं, तेही जरा जपूनच.

नाही कळत. पण प्रश्न खुळा नाही. माणसाचा पहिला ईईजी घेणारा जर्मनीतला हान्स बर्गर याच नादानं यात पडला. लष्करात असताना तो घोड्यावरून पडून मरता मरता वाचला, आणि त्याच दिवशी लांब घरी बहिणीच्या मनात पाल चुकचुकली म्हणून वडिलांची तार आली. मनातलं मनाला पोचतं कसं, ते शोधत निघालेल्या बर्गरला १९२४ साली सापडल्या मेंदूच्या लहरी. छापलं मात्र १९२९ मध्ये.

आमच्यापर्यंत येते ती कवटीवरची वीज, मायक्रोव्होल्टमध्ये मोजायची. लाखो पेशींचा एकत्र गलका. सांगलीच्या मार्केट यार्डाबाहेर उभं राहिलं तर हळदीचे सौदे सुरू झाले एवढं कळतं. कुणाची पोती काय भावानं गेली, ते नाही. तसंच हे. त्यात पेशंटनं दात आवळले तरी जबड्याच्या स्नायूंची वीज सगळं झाकून टाकते. आणि डोकं धुवून या, तेल नको, असं बजावूनही लोक चपचपीत तेल लावून येतात. डॉक्टरकडं जायचं म्हणून!

मध्ये एक तंबोरे करणारे काका आले होते. डोकं पुसून, पेस्ट लावून तारा बसवल्या. डाव्या बाजूला, हाताच्या भागावर, सेकंदाला दहाएक कमानदार लहरी दिसत होत्या. या लयीला म्यू म्हणतात. सगळ्यांच्यात दिसत नाही. हात रिकामा असला की तिथल्या पेशी एका लयीत चालतात, कामाला लागला की लय मोडते. "काका, उजवी मूठ वळा." लहरी गेल्या. खात्री करायला एवढं पुरतं, पण मला राहवेना. "आता हात हलवू नका. जवारी काढताय असं नुसतं मनात आणा." (जवारी काढणं म्हणजे तंबोऱ्याची घोडी घासून नाद खुलवणं.)

लहरी पुन्हा नाहीशा झाल्या. स्क्रीन दाखवला तर काका म्हणाले, "पण मी हात हलवलाच नाही की!"

नुसत्या विचारानं कॉम्प्युटरवरचा बाण हलवतात, त्यातले बरेच प्रयोग याच लयीवर चालतात. पण काकांनी मनात जवारी काढली का भाकरी मोडली, ते मला काही सांगता आलं नसतं.

पेस्ट पुसताना त्यांनी विचारलं, "सूर चुकला तर दिसतं का यात?"

म्हटलं, त्याची वेगळी तपासणी असते. एकसारखे सूर ऐकवत मधेच वेगळा वाजवायचा. ऐकणाऱ्याचं लक्ष असेल तर साधारण ३०० मिलिसेकंदांनी एक उंचवटा येतो. पण एकदा वाजवून भागत नाही, पुन्हा पुन्हा वाजवून सरासरी काढावी लागते.

"आम्हाला एकदाच पुरतं," काका म्हणाले, आणि टोपी घालून उठले.