मांडवी उशिरा जवळ येते: झूमच्या विलंबाचा शोध

भाचीला हिरव्या कापडासमोर उभं करायचं आणि कापडाच्या जागी संगणकावर बनवलेली बडोद्याची मांडवी, म्हणजे जुन्या शहरातली कमानींची वास्तू, दाखवायची, असा माझा घरगुती खटाटोप चालू आहे. मागच्या नोंदीत पॅन, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवणं, जमल्याचं लिहिलं होतं. कॅमेरा कितीही फिरवा, हिरव्या कापडामागची मांडवी चित्राला चिकटून फिरत होती. या रविवारी झूम रिंगवर एन्कोडर, म्हणजे रिंग किती फिरली ते मोजणारा सेन्सर, चढवला आणि घडी विस्कटली. रिंग फिरवली की भाची झटकन जवळ यायची, कमानी मात्र क्षणभर जागीच थांबून मग मागून धावत यायच्या. मॉनिटरकडे बघत ती म्हणाली, "मामा, मांडवी उशिरा येतेय."

जुळणी तीच आहे. दांडिया बाजारातल्या घराची माडी, जुनी मॅन्युअल झूम लेन्स, सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० शटर, कॅमेऱ्याची जागा सांगणारा व्हाइव्ह ट्रॅकर आणि मांडवीचं चित्र काढणारं अनरियल हे सॉफ्टवेअर. लेन्सच्या दातेरी पट्ट्याला छोटं चाक भिडवलंय, त्यावर एएस ५६०० एन्कोडर.

अंदाजाने आकडे बदलत बसण्यात माझे आधी दोन आठवडे गेलेत, म्हणून या वेळी सरळ मोजलं. फोनचा कॅमेरा सेकंदाला २४० फ्रेमवर ठेवला आणि माझा हात, रिंगवरची पांढरी चिकटपट्टी व मॉनिटर एकाच चौकटीत घेतले. फोनची एक फ्रेम म्हणजे साधारण ४.२ मिलिसेकंद. हात हलल्यापासून मोजलं तर व्हिडिओ ३६ फ्रेमनी हलला, ट्रॅकरचा आकडा ११ फ्रेमनी. मॉनिटरचा उशीर दोन्हींत सारखाच, त्यामुळे फरक खरा. फोनच्या २५ फ्रेम, म्हणजे १०४ मिलिसेकंद. अनरियलमध्ये बाहेरचे आकडे लाइव्ह लिंकमधून येतात; ते किती उशिरा वापरायचे हे ठरवणाऱ्या तिथल्या इंजिन टाइम ऑफसेटमध्ये हाच आकडा घातलेला होता, म्हणून पॅन जमत होता. झूमचा आकडा मात्र ५० फ्रेमनी हलला!

चूक माझ्याच पॅकेटमध्ये होती. ट्रॅकरची जागा आणि झूमचा आकडा मी फ्री-डी या कॅमेऱ्याची माहिती पाठवण्याच्या ठरलेल्या पद्धतीने, एकाच पॅकेटमध्ये भरून अनरियलला पाठवतो. २९ बाइटच्या त्या पॅकेटमध्ये वेळेची नोंद नसते, त्यामुळे आत ताजी जागा आणि शिळा झूम शेजारी शेजारी बसले तरी अनरियलला कळायला मार्ग नाही. सोर्स एकच असल्याने १०४चा ऑफसेट दोघांनाही लागला आणि आधीच मागे असलेला झूम व्हिडिओच्या जवळजवळ ४ फ्रेम मागे पडला.

शिळेपणा आला कुठून? आकडा थरथरू नये म्हणून मी १६ नमुन्यांची सरासरी लावली होती, तीही सेकंदाला ५० नमुन्यांवर. अशी सरासरी साडेसात नमुन्यांइतकी मागे राहते, म्हणजे १५० मिलिसेकंद. आता सेकंदाला २०० नमुने घेतो आणि चारांचीच सरासरी काढतो, साडेसात मिलिसेकंदांत काम होतं. एन्कोडरचे आकडे यूएसबीने संगणकात आणणाऱ्या एफटीडीआय चिपच्या ड्रायव्हरमध्ये लेटन्सी टायमर, म्हणजे आकडे पुढे पाठवण्याआधी थांबण्याची वेळ, मुळात १६ मिलिसेकंद असतो, तो १ केला. परत मोजलं तर झूम ११ ते १२ फ्रेमवर, ट्रॅकरच्या बरोबरीला आला. ऑफसेटला हातही लावावा लागला नाही.

तरी रिंग उलटी फिरवताना कमानी किंचित अडखळत होत्या. मी परत सरासरीकडे वळणार, तेवढ्यात भाचीने रिंग अगदी हळू फिरवून पाहिली. अडखळणं तेवढंच राहिलं. विलंबाची चूक वेगाबरोबर वाढते, हळू फिरवलं की जवळपास नाहीशी होते; ही तशीच राहिली, म्हणजे दोष वेळेचा नव्हता, दात्यांमधल्या ढिलाईचा होता. एन्कोडरच्या पट्टीला स्प्रिंग लावून चाक लेन्सवर दाबून धरलं आणि अडखळणं थांबलं. हळू फिरवण्याची ही चाचणी आधीच करायला हवी होती. तुम्ही ती सगळ्यात पहिली करा, फोन काढण्याच्याही आधी.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. माझ्या कॅमेऱ्याला जेनलॉक, म्हणजे कॅमेरा आणि संगणक यांच्या फ्रेम एकाच तालावर ठेवणारी सोय, नाही, त्यामुळे त्याच्या २५ फ्रेम आणि संगणकाच्या २५ फ्रेम हळूहळू एकमेकींवरून सरकतात. दर काही मिनिटांनी मांडवी एका फ्रेमने, म्हणजे ४० मिलिसेकंदांनी, पुढे किंवा मागे जाते. सावकाश शॉटमध्ये ते दिसत नाही. झटक्याच्या पॅनमध्ये मला दिसतं, आणि भाचीला तर माझ्याही आधी दिसतं.