स्टँडवरची पिवळी

आज सकाळी शेल्टरचं गेट उघडायच्या आधीच एक रिक्षावाले काका बाहेर उभे. मागच्या सीटवर पोत्यात गुंडाळलेली पिवळी कुत्री. कानामागे तळहाताएवढी जखम, आत अळ्या वळवळत होत्या आणि वरून कुणीतरी पेट्रोल ओतलेलं. भल्यासाठीच केलं असणार, पण त्यानं कातडी भाजते हो. कृपा करून पेट्रोल, फिनेल असलं काही ओतू नका. पावसाळ्यात माशीनं जखमेवर अंडी घातली की दिवसभरात अळ्या होतात. जखम छोटी असतानाच घेऊन या.

ताप १०४. कुत्र्याचा नेहमीचा १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतो. तोंडाला पट्टी बांधली, पायाची शीर शोधून सलाईन लावलं, डॉक्टरांनी गुंगीचं इंजेक्शन दिलं. मग पाऊण तास मी चिमट्यानं एकेक अळी काढत बसले. ऐंशीपर्यंत मोजल्या, पुढे मोजणं सोडून दिलं.

कानाला नसबंदी झाल्याची खूण म्हणून केलेली खाच होती. नसबंदीनंतर कुत्रं जिथून उचललं तिथंच परत सोडायचं, हे भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीबद्दलच्या केंद्र सरकारच्या २०२३च्या नियमांतही आहे. म्हणूनच ती या काकांच्या स्टँडवर टिकून होती.

काका दुपारपर्यंत हलले नाहीत. धंदा बुडाला असणार. "ताई, आमच्या स्टँडवरची आहे, बरी झाली की मीच नेईन," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी निघताना मी पिंजऱ्याशी गेले. मान उचलवत नव्हती, तरी माझ्या बोटावरचा दहीभात तिनं चाटून खाल्ला.